बिस्मिल्लाबीचा कडू घास

अकोटात त्या वर्षी ज्याच्या दारात एक बैलजोडी होती त्याच्या दारात दोन झाल्या, आणि ज्याच्या डोक्याला साधं फडकं होतं त्याच्या डोक्यावर बाळापुरी पगडी आली. सातासमुद्रापार कुठेतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, म्हणून तिथले गिरणीवाले वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे डोळे लावून बसले होते. लढाई कोणाची, कोणाशी, हे अकोटच्या लोकांना माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची कोणाला गरजही वाटली नाही. भाव चढत होता, तेवढं पुरे होतं. लोकांनी ज्वारीची रानं मोडून कापसाची पऱ्हाटी लावली, बांध फोडून लावली, एका बहाद्दरानं तर खळ्यातसुद्धा लावली. हातात पैसा खुळखुळायला लागला की शौक सुचतात. अकोटला सुचला तो तितरांच्या झुंजींचा.

आणि अकोटात तितर म्हटलं की बिस्मिल्लाबी.

उंच, हाडापेरानं मजबूत, पन्नाशीकडे झुकलेली बाई. आवाज असा की गल्लीच्या या टोकाला ती नवाबला हाक मारायची आणि त्या टोकाची माणसंही मागे वळून बघायची. नवाब हा तिचा म्हातारा तितर. रोज सकाळी ती पिंजऱ्याचं दार उघडायची, काठी घ्यायची आणि मागे न बघता चालायला लागायची. नवाब तिच्या टाचेमागे तुरुतुरु धावत असायचा. दोरी नाही, साखळी नाही. तितर पाळणाऱ्याची खरी परीक्षा हीच असते, आणि या परीक्षेत तिनं कोणाला जवळ येऊ दिलं नव्हतं.

हे पक्षी मूळचे तिच्या नवऱ्याचे. रऊफ धंद्यानं सतरंज्या विणायचा, पण जीव सगळा पिंजऱ्यात. पटकीच्या साथीत तो गेला. त्याची मूठमाती होऊन चार लोक पांगले नाहीत तोच हुसेन वस्ताद दारात उभा राहिला. हा गावातला दुसरा तितरवाला, रऊफसमोर कायम हरलेला.

"भाभी, आता हे पक्षी मले दे," तो म्हणाला. "हे बाईमानसाचं काम नाई. बाईच्या हातात तितर बिघडते."

बिस्मिल्लाबीनं डोळे पुसले आणि सगळ्या पिंजऱ्यांची दारं उघडली. "पक्ष्यायलेच इचार ना, कोनाकडे येता म्हनून," ती म्हणाली आणि रस्त्याला लागली. पक्षी एकामागून एक उतरले आणि तिच्या मागे चालायला लागले. हुसेनच्या पायातून एक गेला, त्यानं वर मान करूनसुद्धा बघितलं नाही. त्या दिवसापासून हुसेन तिच्यावर डूख धरून होता आणि ती हुसेनची पर्वा न करता जगत होती.

तितराला खायला उधई, म्हणजे वाळवी, लागते, टोळ लागतात, नाकतोडे लागतात. ते आणायला ती पहाटे एकटी रानात जायची. बाई एकटी दिसली की टवाळ माणसं आडवी येतात, म्हणून तिनं रऊफची बंडी चढवली, त्याचं मुंडासं बांधलं, त्याची काठी खांद्यावर टाकली. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, कोणी आडदांड गडी चालला आहे, वाटेला जायला नको. बाया तोंडावर पदर घेऊन हसायच्या. ती म्हणायची, "हसा. तुमच्या हसन्यानं माझ्या पक्ष्याचं पोट भरत नाई."

असा सगळा तिचा रोखठोक कारभार. पण एक गोष्ट मात्र तिनं कोणाला सांगितलेली नव्हती, आणि तिच्या पक्ष्यांचं नाव त्या गोष्टीवर झालेलं होतं.

ती गोष्ट अशी. रुईच्या झाडावर नारिंगी पंखांचं फुलपाखरू असतं. त्याची अळी रुईची पानं खाऊन वाढते आणि रुईचा कडवटपणा त्याच्या अंगात भिनतो. सकाळच्या फेरीत एखाद्या तितरानं ते गिळलं तर तो ओकतो, पिसं फुलवून कोपऱ्यात बसतो, आणि त्या दिवशी झुंज असली तर गेलीच म्हणायची. रऊफनं यावर उपाय काढला होता. पिल्लू जरा खायला लागलं की त्याला मुद्दाम एक रुईचं फुलपाखरू द्यायचं. पिल्लू ओकतं, चोच जमिनीला घासतं आणि पुन्हा जन्मात नारिंगी पंखाला तोंड लावत नाही. रऊफ याला कडू घास म्हणायचा. इतर लोकांचे पक्षी ऐन झुंजीच्या दिवशी आजारी पडायचे, रऊफचा पक्षी खणखणीत असायचा, आणि लोक म्हणायचे की रऊफकडे ताईत आहे.

तो गेल्यावर पहिल्याच वर्षी बिस्मिल्लाबीच्या हातून चूक झाली. शहजादा नावाचं सोन्यासारखं पिल्लू होतं. तिनं त्याला नारिंगी फुलपाखरू दिलं, त्यानं ते मिटक्या मारत खाल्लं आणि आणखी मागितलं. तिनं आणखी दिलं. तिला वाटलं, याचं पोटच दगडाचं आहे. मग एके दिवशी, जत्रेतल्या झुंजीच्या सकाळी, शहजाद्यानं वाटेतल्या रुईवरची पाच-सहा फुलपाखरं हादडली. दुपारपर्यंत मान टाकून पडला, आणि संध्याकाळी गेला. रुईचं नारिंगी फुलपाखरू पक्षी मारतं, एवढं त्या दिवशी साऱ्या गावाला कळलं. बिस्मिल्लाबी त्याला मांडीवर घेऊन बसली आणि भरपूर रडली. मग तिला राग आला. रंग तोच, पंखाचं काळं टोक तेच, टोकावरचा पांढरा पट्टा तोच. मग आधी गोड आणि आता जहर, हे कसं काय?

तिनं चार मडकी मांडली. दोन मडक्यांत रुईवरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या ठेवल्या. उरलेल्या दोनांत काय ठेवायचं, याचा शोध घेत ती पऱ्हाटीच्या रानातून फिरली. निंदायला आलेल्या बाया घोळीची भाजी खुडत होत्या आणि काळ्या काटेरी अळ्या झटकून टाकत होत्या. तिनं त्या अळ्या उचलल्या. मडक्यांवर जुन्या ओढणीचे तुकडे बांधले आणि वाट बघत बसली.

रुईच्या मडक्यातून निघाली ती नारिंगी. घोळीच्या मडक्यातून निघाली तीही नारिंगी! आणि त्याच घोळीच्या मडक्यातून दुसरं निघालं ते काळंभोर, पंखांवर पांढरे गोल ठिपके आणि त्यांना निळसर झाक. आधी तिला वाटलं, मडक्यात भलतीच अळी शिरली. पुढच्या खेपेला तिनं पुन्हा निवडून अळ्या ठेवल्या. पुन्हा तेच. मग तिच्या लक्षात आलं की काळा तो नवरा आणि नारिंगी ती बायको. नवरा आपल्या रंगात उघडा फिरतो आणि बायको रुईवालीचे कपडे घालून फिरते, म्हणजे पाखरांनी तिला कडू समजून सोडून द्यावं. हे कळलं तेव्हा बिस्मिल्लाबी आपल्या अंगावरच्या रऊफच्या बंडीकडे बघून इतकी हसली की शेजारची आमिना काय झालं म्हणून बघायला आली.

मग ती डोळे रोवून शिकली. पुढच्या पंखांवरून काही कळत नाही, दोघींचे सारखेच. मागच्या पंखांवर बघायचं. रुईवालीच्या मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात. घोळवालीला एकच, तोही वरच्या कडेला. रुईवालीच्या छातीवर काळ्यावर पांढरी खसखस पेरलेली असते. घोळवालीच्या छातीवर ती नाही. आणि काठ बघायचा. रुईवालीच्या काळ्या काठात पांढरे दाणे असतात. घोळवालीच्या काठात बारीक चंद्रकोरी, एकीखाली एक. लुगड्याच्या काठावरून बाया जसं गाव ओळखतात तसं ती उडत्या फुलपाखराचा काठ ओळखायला लागली.

त्यानंतर कडू घास कधी चुकला नाही, आणि अकोटातले शौकीन पिल्लू न्यायला तिच्याच दारी यायला लागले. रुई मात्र सापडेनाशी झाली, कारण लोकांनी बांधावरची सगळी उपटून तिथेही पऱ्हाटी लावली होती. एक मोठं झाड उरलं होतं ते कबरस्तानात, रऊफच्या डोक्याशी. तिथं कोणाला कापूस लावता आला नाही.

आता खुशालराव. हा कालपर्यंत दुसऱ्यांच्या गाड्या हाकणारा पोरगा. बिस्मिल्लाबीच्या ओट्यावर बसून पाणी प्यायचा, तिला भाभी म्हणायचा. कापसाच्या दलालीत पडला आणि बघता बघता त्याच्या बैलांच्या शिंगांच्या टोकांना चांदीच्या शेंब्या आल्या. त्यानं तिच्याकडून वाघ्या नावाचा तितर घेतला. असा पक्षी तिच्याही हातून एकदाच झाला होता. पक्षी दिला तरी वाघ्याचा चारा रोज सकाळी तीच पाठवायची, कारण दुसऱ्या कोणाच्या हातच्या उधईवर तिचा विश्वास नव्हता. वाघ्याची निगा खुशालरावचा पुतण्या सूर्यभान बघायचा. गोड बोलणारा, कानात अत्तराचा फाया, कमरेला अफूची डबी.

मार्गशीर्षातल्या जत्रेत वाघ्या उतरणार होता. अमरावतीपासूनचे शौकीन येणार होते. आणि जत्रेच्या आधीच एका सकाळी वाघ्या पिंजऱ्यात मरून पडलेला सापडला.

निरोप कळताच बिस्मिल्लाबी धावत गेली. वाघ्याला उचलून तिनं छातीशी धरलं. त्याची मान लुळी पडली होती. चोचीजवळ नाक नेलं आणि ती थबकली, पण काही बोलायच्या आत सूर्यभाननं पिंजऱ्याच्या तळाशी बोट दाखवलं. तिथे नारिंगी पंखांचे तुकडे पडले होते.

"रुईचं फुलपाखरू," तो मोठ्यानं म्हणाला. "बाईनं चाऱ्यात घातलं. काकाजी, जहर देऊन मारला तुमचा पक्षी!"

दुपारी चावडीवर लोक जमले. तितरांच्या झुंजींचा निवाडा करायचे ते नत्थुजी वस्ताद. म्हातारे, शांत, एका डोळ्यानं अधू, पण त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या एका बाजूला खुशालराव मान खाली घालून बसला होता, दुसऱ्या बाजूला हुसेन मिशीवरून हात फिरवत होता. बिस्मिल्लाबी नवाबचा पिंजरा घेऊन आली आणि सगळ्यांच्या समोर उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"आरोप खरा ठरला तं तुझे सारे पक्षी हुसेनच्या तालमीत जमा होतीन," नत्थुजी म्हणाले. "अन् यापुढं तुझ्या हातचा पक्षी अकोटात कोनी घेनार नाई. समजलं?"

समजलं नसतं तर बरं झालं असतं. रऊफनंतर तिच्या चुलीला आधार होता तो या पक्ष्यांचाच, आणि चुलीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे तिचं नाव. हुसेनच्या खुराड्यात नवाब, ही कल्पना मनात आली तशी तिनं पुढे होऊन हात पसरला.

"तुकडे दाखवा," ती म्हणाली.

नत्थुजींनी रुमाल उघडला. एक पुढचा पंख होता, अख्खा. तो तिनं बाजूला सारला. त्याच्यावरून तिलाही काही सांगता आलं नसतं. दुसरा नखाएवढा तुकडा मागच्या पंखाचा होता. ठिपक्यांची जागा नेमकी फाटून गेली होती. छाती तर नव्हतीच. तिनं तो तुकडा तळहातावर घेऊन उन्हात धरला, फुंकर लागणार नाही इतक्या हलक्या श्वासानं. काठाचा एक धागा शाबूत होता. काळ्यावर पांढऱ्या कोरी, एकीखाली एक.

तिनं मान वर केली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता.

"हे रुईवाली नाई. हे घोळवाली हाय. घोळीची भाजी तुमच्या घरी शिजते ना? कोन मेलं आजवर? जिच्या पोटात जहरच नाई ते माझ्या वाघ्याले काय मारन?"

चावडीवर हशा पिकला. हुसेन म्हणाला, "वस्ताद, भाभी आता पाखराच्या पंखावरचं वाचून राहिली! आमाले तं बावा सारे एकसारखेच दिसते."

"तुले दिसत नाई म्हनून नसते का?" ती कडाडली. "चला माझ्यासंग पऱ्हाटीत."

चावडीच्या मागेच पऱ्हाटीचं रान होतं आणि त्यात घोळ माजलेली होती. निंदायला माणूस मिळेनासं झालं होतं, सगळे वेचणीवर. ती सगळ्यांच्या देखत रानात शिरली आणि ओंजळीत तीन-चार फुलपाखरं घेऊन आली. एकेकाच्या डोळ्यासमोर नेऊन दाखवलं, हा एकच ठिपका, ह्या कोरी. लोकांनी माना डोलावल्या, पण दिसलं कोणालाच नव्हतं.

"एवढं निर्धोक असंन," सूर्यभान म्हणाला, "तं घाल एक तुझ्या नवाबले. समोर घाल."

बिस्मिल्लाबीनं नवाबच्या पिंजऱ्यावर हात ठेवला.

"काहून? घाल ना!"

"नवाब हे खानार नाई," ती म्हणाली.

आता मात्र गोंधळ माजला. माणसं उठून उभी राहिली. सूर्यभाननं टाळ्या पिटल्या. तिनं शांतपणे पिंजऱ्याचं दार उघडून फुलपाखरू नवाबच्या पुढ्यात टाकलं. नवाबनं एकदा मान वाकडी करून बघितलं, आणि सगळ्या अकोटच्या देखत तिकडे पाठ फिरवून उभा राहिला.

"बस!" हुसेन ओरडला. "तिचा पक्षीच सांगून राहिला का जहर हाय म्हनून! आता आनखी काय पाह्यजे?"

नत्थुजींनी हात वर केला. ते निकाल द्यायला तोंड उघडणार, तोच बिस्मिल्लाबी हसली. अशा वेळी हसणारी बाई बघून लोक जरा चपापले. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिचं तिलाच माहीत. स्वतःला वाचवायचं तर रऊफची गोष्ट उघड करायची, ती पण हुसेनच्या तोंडावर. रऊफनं मरताना तिचा हात दाबून सांगितलं होतं, कोणाला सांगू नकोस. ती मनात म्हणाली, माफ कर, तुझी गोष्ट जाईल पण तुझे पक्षी राहतील.

"वस्ताद," ती म्हणाली, "या चावडीवर ज्याच्या ज्याच्या घरी माझ्या हातचा तितर हाय, त्यानं तो घेऊन यावं. हुसेन, तू बी. तुझा तो काल्या, तो तू दुसऱ्याच्या हातानं माझ्याकडूनच नेला होता, मले माहीत नाई असं समजू नको."

हुसेनच्या मिशीवरचा हात खाली आला.

पिंजरे आले. चावडीच्या ओट्यावर ओळीनं मांडले गेले. बिस्मिल्लाबी पुन्हा रानात गेली, ओंजळ भरून आली आणि एकेका पिंजऱ्यात एकेक फुलपाखरू टाकत गेली. पहिल्या तितरानं बघितलं आणि पाठ फिरवली. दुसऱ्यानं पाठ फिरवली. तिसरा जाळीपर्यंत मागे सरकला. हुसेनचा काल्या तर डोकं पिसांत खुपसून बसला. ओळीच्या ओळ पाठमोरी उभी राहिली.

एका पिंजऱ्यातलं फुलपाखरू मात्र जाळीतून सुटून खाली पडलं. तिथं आमिनाची कोंबडी माती उकरत होती. तिनं ते टिपलं, पंख झटकून टाकले, बाकीचं गिळलं आणि आणखी कुठे आहे का म्हणून नत्थुजींच्या पायाशी शोधायला लागली. लोक ती आता मरते, मग मरते, म्हणून बघत राहिले. कोंबडीनं नत्थुजींच्या जोड्याला एक टोच मारली आणि ऐटीत निघून गेली.

"पाह्यलं?" बिस्मिल्लाबीचा आवाज आता चढला. "कोंबडीले कोनी शिकवलं नाई, म्हनून ते खुशाल खाते. माझ्या पक्ष्यायले मी शिकवते. लहानपनीच एक रुईवाली खाऊ घालते, ओकू देते. मंग तो मरेस्तोवर नारिंगी पंखाले चोच लावत नाई, रुईवाली असो का घोळवाली. हे तुमचे सारे पक्षी माझ्याच हातचे, म्हनून सारे पाठमोरे. अन् वाघ्या बी माझ्याच हातचा! उपाशी मेला असता, पन हे त्यानं खाल्लं नसतं. मंग हे पंख पिंजऱ्यात आले कुठून? कोनीतरी हातानं टाकले. अन् ज्यानं टाकले त्याले रुईवाली आनायची होती. पन त्याले फरक कुठं माहीत? समोर नारिंगी दिसलं ते उचललं. माझं घर जाळाले आला, अन् तेल समजून पानी ओतून गेला!"

तिनं रुमालातले पंख उचलून नत्थुजींच्या पुढ्यात ठेवले.

"वाघ्याच्या चोचीले अफूचा वास होता," ती सावकाश म्हणाली. "झुंजीत जोर यावा म्हनून कोनी गोळी चारली, अन् जास्त झाली. माझा पक्षी होता तो. त्याले जोरासाठी अफू लागत नवती."

तिनं कोणाचं नाव घेतलं नाही. पण खुशालरावची नजर आपोआप पुतण्याच्या कमरेकडे गेली, डबीकडे, आणि सूर्यभान ती डबी धोतराच्या निऱ्यांत सारायला लागला. मग सगळ्यांनीच तिकडे बघितलं. सूर्यभान उठला, जोडे शोधता शोधता दुसऱ्याचेच पायात घातले आणि निघून गेला. खुशालरावनं त्याला अडवलंही नाही आणि बिस्मिल्लाबीकडे बघितलंही नाही.

नत्थुजींनी घसा साफ केला. "ठीक हाय, बाई. पक्षी तुझ्याकडेच राहू दे."

"राहू दे म्हननारे तुमी कोन, वस्ताद?" ती म्हणाली. "ते माझेच हायेत."

तिनं नवाबला बाहेर सोडलं, रिकामा पिंजरा डोक्यावर घेतला आणि मागे न बघता बाजाराच्या वाटेला लागली. कापसाच्या गाड्या, दलाल, हमाल, सगळ्यांच्या मधून म्हातारा नवाब तिच्या टाचेमागे धावत होता, आणि गाडीवानांनी आपले बैल आवरून धरले.

गोष्ट फुटली ती फुटलीच. महिन्याभरात अकोटातला प्रत्येक तितरवाला आपल्या पिल्लांना कडू घास द्यायला लागला. हुसेननं तर सर्वांच्या आधी दिला, पऱ्हाटीतली हाताला येईल ती नारिंगी फुलपाखरं. त्याच्या पिल्लांनी ती आवडीनं खाल्ली आणि नारिंगी पंखांवर अशी तुटून पडायला शिकली की पुढे रुईवालीवरही तुटून पडली, आणि व्हायचं ते झालं. हुसेन रागारागानं म्हणाला की बाईनं खोटं सांगितलं. बिस्मिल्लाबी म्हणाली, "खरंच सांगितलं. काठ पाहा म्हटलं होतं, तवा तू हसत होता." कबरस्तानातल्या रुईखाली ती पिल्लं घेऊन बसायची ते उघडउघड, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. बघणारे बघायचे, आणि तरी पिल्लू न्यायला तिच्याच दारी यायचे.

होळीच्या सुमारास खुशालराव आला. दमणी, त्याची हलकी बैलगाडी, दाराशी उभी केली, बैलांच्या शिंगांवर चांदी चमकत होती. तो ओट्यावर बसला, पूर्वी बसायचा तसा. बिस्मिल्लाबी एका पिल्लाला उधई भरवत होती.

"भाभी, एक पिल्लू दे मले," तो म्हणाला. "वाघ्यासारखं. तू म्हनशीन ते देतो."

ती उधई भरवत राहिली.

"सूर्यभानले मी घरातून काढलं," तो म्हणाला. "अफू त्यानं घातली, पंख त्यानं टाकले. कबूल केलं त्यानं. यात माझा काय गुन्हा, सांग? मी तं तुले एक शब्द बोललो नवतो चावडीवर."

"तेच ना," बिस्मिल्लाबी म्हणाली. "एक शब्द नाई बोलला. या ओट्यावर पानी पेऊन मोठा झाला तू, खुशाल. वाघ्या मेला त्या दिवशी तुझ्या घरून माझ्या घरी याले एक गल्ली लागत होती. येऊन इचारलं असतं, भाभी, तू असं करशीन का, तं मी तुले तवाच सांगितलं असतं. तू चावडीवर गेला."

खुशालराव ओट्यावर जरा पुढे सरकला. मग म्हणाला, "चुकलं माझं. पन एकदाच चुकलं ना, भाभी?"

"माझे पक्षी बी एकदाच खातेत," ती म्हणाली.

तिनं मांडीवरचं पिल्लू उचलून खाली ठेवलं, उठली आणि त्याच्याकडे पाठ करून पिंजऱ्यांना पाणी घालायला लागली. खुशालराव थोडा वेळ तिच्या पाठीकडे बघत बसला. त्या दिवशी चावडीवर ओळीनं पाठमोरे उभे राहिलेले तितर त्यानंही पाहिले होते. तो उठला, त्यानं दमणी वळवली आणि गेला.